ऑटोक्रॉसमधले क्लास : नावे कशी पडतात, नियम कसे लिहावेत

ऑटोक्रॉस या मोटारींच्या खेळाच्या प्रवेश अर्जावर ‘स्टॉक, १४०० सीसीपर्यंत’, ‘मॉडिफाइड, १६०० सीसीपर्यंत’, ‘इंडियन ओपन’, ‘लेडीज’ अशी नावे ओळीने छापलेली असतात आणि पहिल्यांदाच अर्ज भरणारा माणूस आपल्या गाडीचे सीसी आठवून त्यांपैकी एका नावापुढे खूण करतो. बहुतेक वेळा ती खूण बरोबर असते. चुकली असेल तर ते स्क्रुटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीच्या, रांगेत उभे राहिल्यावर कळते, आणि तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसते. हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : कोल्हापूर परिसरातून आपली रोजची किंवा तयार केलेली गाडी घेऊन स्पर्धेला जाऊ इच्छिणारे चालक, आणि चार मित्र जमवून एखादे मैदान घेऊन स्वतःच क्लासांचा तक्ता मांडायला निघालेले क्लब. दोघांनाही एक गोष्ट सारखीच समजून घ्यावी लागते. क्लासचे नाव सर्वांत शेवटी पडते. त्याआधी ठरते ते एवढेच की, मैदानावर, मर्यादित वेळात, वाद न होता काय मोजता आणि पाहता येणार आहे.

आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतींत आदत, दुस्सा, चौसा हे गट बैलाच्या दातांवरून ठरतात, कारण बैलाचे वय मालक सांगेल ते. दात मात्र तोंड उघडून कोणालाही पाहता येतात. मोटारींच्या क्लासांमागचा विचार याहून वेगळा नाही. इंजिनाची ताकद हा वेगाचा खरा निकष असला, तरी ती मैदानावर मोजता येत नाही, म्हणून जगभरच्या नियमावल्यांनी तिच्याऐवजी सीसी, वजन, टायर आणि गाडीत केलेले बदल यांचा आधार घेतला.

पहिली पायरी : खेळ कोणता आहे ते पाहा

‘ऑटोक्रॉस’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या देशांत निरनिराळे खेळ चालतात, आणि परदेशी नियमावली वाचून गोंधळ होतो तो यामुळेच. अमेरिकेत विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर किंवा मोठ्या पार्किंगच्या जागेत प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखली जाते आणि प्रत्येक गाडी घड्याळाशी स्पर्धा करते. ब्रिटनमध्ये हा शब्द गवताळ किंवा पीक काढलेल्या शेतातल्या फेऱ्यांसाठी वापरला जातो आणि डांबरावरच्या कोनांच्या खेळाला तिथे ‘ऑटोसोलो’ असे वेगळे नाव आहे. एफआयए या मोटारक्रीडेच्या जागतिक संस्थेच्या युरोपीय ऑटोक्रॉस अजिंक्यपद मालिकेत सुपरबगी, बगी १६००, टूरिंग ऑटोक्रॉस अशा क्लासांतली वाहने मातीच्या ट्रॅकवर एकत्र, एकमेकांना खेटून धावत आली आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी मोकळ्या मैदानावर माती-मुरुमाची वाट आखून गाड्या वेळ लावून सोडल्या जातात.

डांबरावर वेळ टायर ठरवतो, म्हणून अमेरिकन नियमांत टायरवर पाने खर्ची पडलेली दिसतात. मुरुमावर टायरइतकेच महत्त्व गाडीचे वजन, जमिनीपासूनची उंची, शॉक ॲब्सॉर्बर आणि खालच्या गतीला इंजिनाची ओढ यांना येते. त्यामुळे एका देशातला क्लासांचा तक्ता उचलून दुसऱ्या मैदानावर लावला, तर नावे तीच राहतात, पण ज्या अन्यायाला आवर घालण्यासाठी ती नावे पाडली होती तो अन्याय तिथे नसतोच आणि दुसराच एखादा मोकाट सुटलेला असतो.

कोल्हापुरात आणखी एक घोटाळा संभवतो. इथल्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते यांच्यासारखे चालक याच गावचे. साहजिकच इथल्या अनेकांचा पहिला परिचय कार्टिंगच्या क्लासांशी होतो. तिथे मायक्रो, ज्युनिअर, सिनिअर ही नावे चालकाच्या वयावरून पडलेली आहेत, कारण इंजिने एकाच कंपनीची आणि सीलबंद असतात. फरक उरतो तो माणसाचा. ऑटोक्रॉसला जो तो आपापली गाडी घेऊन येतो, म्हणून तिथे आधी गाडीची वर्गवारी आणि मग माणसाची.

दुसरी पायरी : नियमांची उतरंड

कोणत्याही अधिकृत स्पर्धेत नियमांचे थर असतात. सर्वांत वर १९०४ साली स्थापन झालेल्या एफआयएची आंतरराष्ट्रीय क्रीडा संहिता, तिच्याखाली भारतातील मान्यताप्राप्त संस्था एफएमएससीआयचे नियम, त्याखाली त्या मालिकेचे नियम आणि शेवटी त्या एका स्पर्धेपुरते काढलेले सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, ज्यांना चालक मंडळी नुसते ‘एसआर’ म्हणतात. त्यानंतर काही बदलले तर क्रमांक घातलेली बुलेटिन्स निघतात. क्लासची व्याख्या शोधायची ती एसआरमध्ये आणि त्यानंतरच्या बुलेटिनमध्ये. जाहिरातीच्या पोस्टरवर दिसणारे नाव ही व्याख्या नव्हे. ‘स्टॉक’ म्हणजे कंपनीच्या अवस्थेतली गाडी, पण या नावाखाली एका स्पर्धेत सायलेन्सर बदललेला चालतो आणि दुसऱ्या स्पर्धेत एअर फिल्टरसुद्धा कंपनीचाच लागतो, अशी परिस्थिती अगदी सामान्य आहे.

एसआर हातात आल्यावर क्लासांच्या तक्त्याकडे धाव घेण्याआधी एक वाक्य शोधावे. ज्या बदलांना नियमात स्पष्ट परवानगी नाही ते सर्व बदल निषिद्ध आहेत, अशा अर्थाचे ते वाक्य असते आणि एफआयएच्या तांत्रिक परिशिष्टातही मालिका-उत्पादित गाड्यांच्या गटासाठी हीच भूमिका घेतलेली आहे. हे वाक्य असेल, तर ‘नियमात मना कुठे लिहिले आहे?’ हा युक्तिवाद चालत नाही. ते नसेल, तर तोच युक्तिवाद करणारे पाचजण तरी स्पर्धेच्या दिवशी भेटतील, याची खात्री बाळगावी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे, आणि कलम ५२ नोंदणीकृत गाडीत मनाजोगते फेरफार करण्याला आडवे येते. यामुळे मॉडिफाइड क्लासची गाडी मैदानापर्यंत ट्रेलरवरून नेणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि ‘आरसी बुक, विमा आणि नंबर प्लेटसह रस्त्यावर चालणारी गाडी’ हा स्टॉक क्लासचा फार उपयुक्त, कागदावर तपासता येणारा निकष होऊ शकतो.

तिसरी पायरी : नावाची फोड करा

क्लासचे नाव म्हणजे दोन-तीन उत्तरे एकापुढे एक मांडलेली असतात. ‘स्टॉक, १२०१ ते १६०० सीसी’ यात पहिले उत्तर बदलांविषयी आहे आणि दुसरे इंजिनाच्या आकाराविषयी. ‘इंडियन ओपन’ यात पहिला शब्द गाडी कुठे बनली हे सांगतो, कारण आयात केलेल्या मोठ्या गाड्यांना दूर ठेवायचे असते. दुसरा शब्द सीसीची आणि बहुतांश बदलांची मर्यादा उठवली असल्याचे सांगतो. ‘ओपन’ म्हणजे नियम नाहीत असे मात्र कोणी समजू नये. सुरक्षेचे नियम ओपनमध्ये उलट अधिक कडक असतात आणि रोल केजची, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या आतल्या पोलादी पिंजऱ्याची, सक्ती आधी तिथेच येते.

अमेरिकन पद्धत याहून निराळी आणि अभ्यासण्याजोगी आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने आपल्या ‘सोलो’ नावाच्या ऑटोक्रॉस खेळात आधी बदलांच्या श्रेणी केल्या : स्ट्रीट, स्ट्रीट टूरिंग, स्ट्रीट प्रिपेअर्ड, स्ट्रीट मॉडिफाइड, प्रिपेअर्ड आणि मॉडिफाइड, अशा चढत्या क्रमाने. मग प्रत्येक श्रेणीच्या आत अक्षरे लावून क्लास पाडले. ‘बीएसपी’ म्हणजे स्ट्रीट प्रिपेअर्ड श्रेणीतला बी क्लास, ‘एचएस’ म्हणजे स्ट्रीट श्रेणीतला एच क्लास. स्ट्रीट श्रेणीत सुपर स्ट्रीटपासून एच स्ट्रीटपर्यंत अक्षरे साधारणपणे वेगवान गाड्यांकडून साध्या गाड्यांकडे उतरत जातात. महिलांचा स्वतंत्र क्लास असेल, तर मूळ नावाच्या शेवटी एल जोडला जातो.

गंमत अशी की, स्ट्रीट श्रेणीत सीसीला जवळजवळ काहीच स्थान नाही. कोणते मॉडेल, कोणत्या वर्षाचे, कोणत्या क्लासात, याची लांबलचक यादीच नियमावलीत असते. एखादे मॉडेल आपल्या क्लासात फारच वरचढ ठरू लागले, तर ते वरच्या क्लासात हलवले जाते. यादी करण्याचे कारण उघड आहे : तिथल्या बाजारात एकाच सीसीच्या, पण वजन आणि इंजिनाचा जोर मिळणारी चाके अगदी वेगळी असलेल्या इतक्या गाड्या आहेत की, सीसीवरून काहीच कळत नाही. भारतात दीर्घकाळ उलट स्थिती होती. मॉडेले कमी, इंजिने ठरावीक आणि गाडीचे वजन इंजिनाच्या आकाराबरोबर वाढत जाणारे. म्हणून सीसीचे क्लास इथे बऱ्यापैकी न्याय्य ठरले. टर्बो आल्यावर त्यात बिघाड झाला.

नावे बदलतातही, आणि बदलामागे कारण असते. अमेरिकेतली सध्याची ‘स्ट्रीट’ श्रेणी २०१३ पर्यंत ‘स्टॉक’ म्हणून ओळखली जात होती. त्या स्टॉक श्रेणीत गाडी कंपनीची राहत असे, पण टायर शर्यतीच्या दर्जाचे चालत. परिणामी साधी गाडी घेऊन येणाऱ्याला जिंकण्यासाठी महागडे, लवकर झिजणारे टायर घ्यावेच लागत. असे टायर बंद केले गेले आणि नावही बदलले.

चौथी पायरी : सीसीचा हिशेब

आरसी बुकावरचा आकडा हा प्रारंभ आहे, उत्तर नव्हे. इंजिनाची क्षमता बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनच्या एका फेरीची लांबी) आणि सिलिंडरची संख्या यांवरून काढतात : बोअरच्या वर्गाला ०.७८५४ ने गुणायचे, मग स्ट्रोकने आणि सिलिंडरच्या संख्येने; मापे मिलीमीटरमध्ये असतील तर शेवटी हजाराने भागायचे. मारुतीच्या जिप्सी, एस्टीम आणि पहिल्या स्विफ्टमधल्या १.३ लिटर इंजिनाचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलीमीटर आहे. हिशेब १२९८ सीसीवर येतो. आता हे जुने इंजिन शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन अर्धा मिलीमीटर रिबोअर केले, की बोअर ७४.५ होतो आणि क्षमता १३१६ सीसीच्या पुढे जाते. क्लासची मर्यादा १३०० असेल, तर घसारा काढण्यासाठी केलेल्या या अगदी प्रामाणिक दुरुस्तीमुळे गाडी क्लासबाहेर पडते. स्विफ्टच्या १.२ लिटर इंजिनाचेही तसेच : ७३ आणि ७१.५ मिलीमीटरवर ११९७ सीसी, अर्धा मिलीमीटर वाढवल्यावर सुमारे १२१३.

म्हणून चांगली मर्यादा इंजिनाच्या आकड्याला चिकटून कधीच नसते; ती दोन प्रचलित इंजिनांमधल्या मोकळ्या जागेत असते. १४०० ही मर्यादा १.३ लिटरच्या इंजिनांना भरपूर जागा देते, पण टाटा इंडिकाचे १४०५ सीसीचे इंजिन पाच सीसीने बाहेर ठेवते. इंडिका कोणी आणणार नसेल, तर हरकत नाही. आणणार असेल, तर मर्यादा १४५० केल्याने कोणाचे काय बिघडते?

भारतात गाड्या १२०० च्या किंचित खाली का गोळा झाल्या आहेत, याचे उत्तर मैदानावर नसून करपद्धतीत आहे. २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलला १२००, डिझेलला १५०० सीसीच्या आतल्या गाड्यांना कमी कर लावण्याचे धोरण आले आणि कंपन्यांनी इंजिनेच त्या मापाची बनवली. त्यामुळे १२०० ची करमर्यादा स्पर्धेतही जशीच्या तशी उचलण्याचा मोह होतो. तो आवरून १२५० ठेवावी, म्हणजे रिबोअर केलेली स्विफ्टही आत राहते.

टर्बोचा हिशेब गुणकाने होतो. एफआयएच्या नियमांत टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारी यंत्रणा) असलेल्या पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने आणि डिझेल इंजिनाची १.५ ने गुणून क्लास ठरवतात. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांना हे गुणक लावून पाहिल्यास चित्र बोलके होते. फोक्सवॅगन पोलोचे १.० टीएसआय इंजिन ९९९ सीसीचे आहे. गुणून ते १६९८ होते. ताकद ११० पीएस (अश्वशक्तीचे माप). बिनटर्बोचे १४९७ सीसीचे होंडा सिटीचे इंजिन साधारण ११८ पीएसचे. म्हणजे १.७ चा गुणक इथे वस्तुस्थितीच्या जवळ जातो आणि या दोन गाड्या एकाच क्लासात शोभतात. मात्र क्लासची मर्यादा प्रथेप्रमाणे १६०० ठेवली, तर पोलो ९८ सीसीने बाहेर पडून थेट रोल केजवाल्या गाड्यांसमोर उभी राहते. मर्यादा १७०० केली, तर हा प्रश्न राहत नाही.

पण हाच गुणक टाटाच्या ११९९ सीसी टर्बो पेट्रोलला लावला, तर २०३८ येतात, आणि अल्ट्रोझच्या आय-टर्बो आवृत्तीत तेच इंजिन ११० पीएसचे आहे. पोलोइतकीच ताकद असून ३४० सीसीची शिक्षा. डिझेलची कथा याहून विचित्र. फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्या गाड्यांत निरनिराळ्या नावांनी बसले. त्याचे गुणून १८७२ होतात, पण स्विफ्टमध्ये ते अवघे ७५ पीएसचे, म्हणजे तिच्याच पेट्रोल भावंडापेक्षा कमी. त्याच इंजिनाची ९० पीएसची आवृत्तीही आहे. गुणक हवेचा दाब पाहू शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

यावर उपाय म्हणून ‘कंपनीने जाहीर केलेली ताकद भागिले वजन’ असा निकष काही उत्साही मंडळी सुचवतात. कागदावर तो सर्वांत न्याय्य दिसतो. तथापि डिझेल आणि टर्बो गाड्यांचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप करून ताकद वाढवलेली आहे की नाही, हे बॉनेट उघडून दिसत नाही, आणि रिमॅप झाल्यावर जाहीर ताकदीला अर्थ राहत नाही. माझे मत असे की, छोट्या क्लबने एफआयएचा गुणक मूळ नियम म्हणून ठेवावा आणि त्याखाली अपवादांची छोटी यादी मॉडेलच्या नावासह द्यावी : अमुक मॉडेल, कंपनीच्या अवस्थेत, अमुक क्लासात. ही अमेरिकन यादीचीच लहान आवृत्ती झाली. आपल्याला दहा-बारा ओळी पुरतात.

पाचवी पायरी : बदलांची श्रेणी

सीसीपेक्षा जास्त भांडणे याच ठिकाणी होतात, कारण पूर्ण कंपनीच्या अवस्थेतली गाडी कोल्हापुरात शोधायची म्हणजे शोरूममध्येच जावे लागेल. हॉर्नपासून टायरपर्यंत काहीतरी बदललेले असतेच. त्यामुळे स्टॉक श्रेणीचा नियम लिहिताना दोन गोष्टी कराव्या लागतात : आधाररेषा कोणती हे सांगणे आणि तिच्यापासून कुठपर्यंत हलता येईल हे सांगणे. आधाररेषा म्हणून त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल किंवा सुट्या भागांचा कॅटलॉग घ्यावा आणि तो दाखवण्याची जबाबदारी चालकावर टाकावी. एफआयएच्या होमोलोगेशनच्या कागदांचा मूळ हेतू हाच आहे : गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली, याची लेखी नोंद.

परवानगी असलेल्या बदलांची यादी छोटी आणि नेमकी असावी. अमेरिकेच्या स्ट्रीट श्रेणीत शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतात, ब्रेक पॅड बदलता येतात, अँटिरोल बारबाबत मर्यादित मुभा आहे, चाकाची रुंदी तीच ठेवून व्यास एका इंचाने कमीअधिक करता येतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सर मोकळा आहे. या यादीमागचे तर्कशास्त्र असे दिसते की, जे भाग नाहीतरी झिजतात आणि बाजारातून बदलावे लागतात, त्यांत सूट. जे भाग उघडायला इंजिन उतरवावे लागते, त्यांत सूट नाही. आपल्याकडे हेच तत्त्व घेतल्यास शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक पॅड, एअर फिल्टरचा आतला कागद, स्पार्क प्लग आणि ऑइल संपखालचे (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राखालचे) गार्ड इतके मोकळे ठेवता येते. गार्डला मुभा का? मुरुमावर ते नसेल, तर ऑइल संप फुटून वाट तेलकट होते आणि पुढच्या दहा गाड्यांचा खोळंबा होतो. इथे सुरक्षेचा विचार स्टॉकपणाच्या विचाराला मागे सारतो आणि सारायलाच हवा.

कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, गिअरचे प्रमाण, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, ईसीयूचा रिमॅप, आतली आसने आणि पत्रे काढून केलेली वजनकपात यांपैकी काहीही असले, की गाडी मॉडिफाइड. यात अधलेमधले प्रकार करू नयेत. ‘सेमी-मॉडिफाइड’ नावाचा क्लास दिसायला सोयीचा असतो, पण त्याच्या दोन्ही सीमा धूसर असल्यामुळे सगळे वाद त्याच्याभोवती जमतात. मोठ्या मालिकांना तो परवडतो, वीस-पंचवीस गाड्यांच्या स्पर्धेला नाही.

वजनाचा नियम मॉडिफाइडमध्ये उपयोगी असतो : चालकासह किमान इतके किलो. पण तो लिहिण्याआधी काटा कुठून आणणार ते पाहावे. उसाच्या वाहनांसाठी बसवलेले वजनकाटे आपल्या भागात पावलोपावली आहेत, परंतु ते ट्रक आणि ट्रॅक्टर तोलण्यासाठी असतात; त्यांवर ७०० किलोची गाडी तोलून दोन-चार किलोंवरून कोणाला बाद करणे योग्य होणार नाही. काट्याची जी किमान भागणी असेल, तिच्या दुप्पट सूट नियमातच लिहून ठेवावी. सीएनजीचे किट असलेल्या गाडीबाबत तर एकच सोपा नियम बरा : टाकी काढूनच यावे.

सहावी पायरी : टायर आणि उंची

टायरच्या नियमात फार खोल जाण्याची मुरुमावर गरज नाही. स्टॉकसाठी ‘आयएसआय चिन्ह असलेला, दुकानात सर्वांना मिळणारा रस्त्याचा टायर’ एवढे पुरते आणि ते टायरच्या बाजूवर वाचता येते. रॅलीचे खोल खाचांचे टायर मॉडिफाइड आणि ओपनमध्ये ठेवावेत. डांबरावर स्पर्धा घ्यायची असेल, तर अमेरिकन नियमांतल्या ट्रेडवेअर २०० या किमान आकड्याचा विचार करावा. हा आकडा जितका कमी, तितका टायर मऊ आणि चिकट, असा त्याचा ढोबळ अर्थ.

उंच गाड्यांचा प्रश्न मात्र जिव्हाळ्याचा आहे, कारण थार, स्कॉर्पिओ आणि बोलेरो यांच्याशिवाय या जिल्ह्यात स्पर्धा जाहीर करणे म्हणजे निम्म्या गावाला घरी बसवणे. अमेरिकन सोलो नियमांत उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर यांची तुलना करून उलटण्याचा धोका असलेल्या गाड्यांना रोखले जाते. हा विचार योग्य आहे, पण ‘उंची चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी’ अशा सरळ रूपात तो इथे आणला, तर सर्वांत आधी अल्टो परत जाईल : तिची उंची १४७५ मिलीमीटर आणि चाकांमधले अंतर १३०० च्या आसपास. अधिक व्यवहार्य मार्ग असा की, एसयूव्हींचा स्वतंत्र क्लास करावा, त्यांच्यासाठी वाट उघडी आणि मोठ्या वळणांची ठेवावी, आणि शक्य तिथे रोल केजची अट घालावी. त्यांना कारच्या क्लासांत मिसळू नये, मग सीसी जुळत असले तरी.

इलेक्ट्रिक गाड्यांना सीसी नसल्याने त्यांना स्वतंत्र क्लास किंवा ओपन, असे दोनच मार्ग उरतात. आगीच्या प्रसंगी काय करायचे, हे माहीत असलेले पथक मैदानावर नसेल, तर त्यांना प्रवेश न देणे रास्त आहे.

सातवी पायरी : चालकावरून पडणारे क्लास

लेडीज आणि नवोदित हे क्लास गाडीच्या क्लासांवर टाकलेला दुसरा थर आहेत. त्यांचा निकाल वेगळा लावावा, पण गाडीची श्रेणी मूळचीच ठेवावी. अन्यथा लेडीज क्लासात स्टॉक अल्टो आणि पूर्ण तयार केलेली गाडी एकमेकींसमोर येतात आणि निकालाला अर्थ राहत नाही. नवोदित कोण, हे ‘पूर्वी कोणत्याही अधिकृत स्पर्धेत पहिल्या तिघांत न आलेला’ असे लिहावे, कारण ते जुन्या निकालपत्रकांवरून पडताळता येते. ‘कमी अनुभव असलेला’ हे पडताळता येत नाही. एका गाडीवर दोन चालक चालतील का, चालले तर दोघांच्या फेऱ्यांमध्ये किती वेळ असेल, हेही इथेच लिहून टाकावे.

आठवी पायरी : क्लबने तक्ता कसा मांडावा

तक्ता मांडण्याआधी गाड्या मोजाव्यात. दोन-तीन आठवडे आधी इच्छुकांकडून मॉडेल, वर्ष, इंधन आणि केलेले बदल एवढी माहिती मागवली, की क्लास आपोआप दिसू लागतात. समजा पंचवीस गाड्या आल्या : सहा स्विफ्ट आणि आय-टेन, चार अल्टो, पाच सिटी आणि पोलो, पाच तयार केलेल्या एस्टीम, पाच थार आणि जिप्सी. यातून निघणारा तक्ता साधा आहे : स्टॉक १२५० पर्यंत, स्टॉक १७०० पर्यंत, मॉडिफाइड खुला आणि एसयूव्ही. अल्टो स्विफ्टसमोर कमी पडते हे खरे. त्या पाच झाल्या, तर ‘स्टॉक ९०० पर्यंत’ असा क्लास उघडावा, नाहीतर त्यांची वेळ वेगळी जाहीर करून समाधान मानावे. जिप्सी एसयूव्हीत की मॉडिफाइडमध्ये, हा प्रश्न चर्चेला येईलच. ती उंच आहे, म्हणून एसयूव्हीत, असे नियमात नाव घेऊन लिहावे.

किमान संख्येचा नियम हवाच. क्लासात पाचपेक्षा कमी गाड्या आल्यास तो वरच्या क्लासात विलीन होईल आणि हे अमुक तारखेला रात्री जाहीर होईल, असे लिहिले नाही, तर तीन गाड्यांच्या क्लासात तीन चषक वाटण्याची वेळ येते. विलीनीकरण नेहमी वरच्या दिशेने करावे, कारण खालच्या क्लासात वेगवान गाडी उतरवणे कोणालाच पटत नाही.

सगळ्या क्लासांचा एकत्र विजेता काढायचा मोह बहुतेक क्लबांना होतो. अमेरिकेत त्यासाठी ‘पॅक्स’ नावाचा निर्देशांक वापरतात : प्रत्येक क्लासला एक किंवा त्याहून लहान असा गुणक असतो आणि चालकाची वेळ त्याने गुणून तुलना केली जाते. समजा एका क्लासचा गुणक ०.८० आणि दुसऱ्याचा ०.८५ असेल, तर पहिल्याचे ५० सेकंद ४० होतात, दुसऱ्याचे ४८ सेकंद ४०.८, म्हणजे घड्याळावर मागे असलेला चालक निर्देशांकात पुढे जातो. हे गुणक अनेक स्पर्धांच्या निकालांवरून काढलेले असतात. आपल्या क्लबकडे तेवढे निकाल नसताना आकडे अंदाजाने ठेवणे म्हणजे विजेता आधीच ठरवण्यासारखे आहे. दोन हंगामांच्या वेळा नीट नोंदवून ठेवल्या, तर तिसऱ्या हंगामात याचा विचार करता येईल.

क्लास हे धावण्याचे गटही असतात, हे मुरुमावर विसरून चालत नाही. पहिल्या काही गाड्या सैल माती बाजूला सारतात आणि मागून येणाऱ्यांना कठीण, पकड देणारी वाट मिळते. एका क्लासच्या सर्व गाड्या सलग सोडाव्यात, दुसऱ्या फेरीत त्यांचा क्रम उलटा करावा आणि टँकरने पाणी मारायचे ते दोन क्लासांच्या मध्येच मारावे, क्लास चालू असताना कधीही नाही.

नववी पायरी : स्क्रुटिनी, तक्रार आणि पुढच्या वर्षीचे नियम

स्क्रुटिनीच्या टेबलावर एका गाडीला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. तेवढ्यात आरसी बुक, इंजिन क्रमांक, टायरवरचे चिन्ह, आसने आणि पत्रे, एअर फिल्टर, सायलेन्सर, सीटबेल्ट, हेल्मेट आणि बॅटरीची पकड एवढे पाहून होते. यापलीकडचे सारे चालकाच्या स्वाक्षरीच्या प्रतिज्ञापत्रावर सोपवावे लागते. म्हणून तक्ता अंतिम करण्यापूर्वी प्रत्येक नियमासमोर ‘हे कोण, कशाने, किती वेळात तपासणार?’ असा रकाना आखावा. ज्या नियमासमोर तो रिकामा राहील तो नियम खोडावा किंवा तक्रारीपुरता राखून ठेवावा.

तक्रारीची पद्धत लेखी, मुदतीत आणि अनामत रकमेसह असावी. निकाल लागल्यापासून ठरावीक वेळेत, त्याच क्लासातल्या चालकाने, एका विशिष्ट नियमाचे नाव घेऊन तक्रार द्यावी. नुसते ‘गाडी फार पळते’ ही तक्रार नव्हे. इंजिन उघडण्याची मागणी असेल, तर उघडून पुन्हा बसवण्याचा खर्च अनामतीत धरावा आणि तक्रार खोटी ठरल्यास तो गाडीमालकाला द्यावा. मोजमापासाठी बोअर गेज आणि कॅलिपर हाताळणारा माणूस शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातून मिळणे कठीण नाही. इंजिनाचे भाग ओतणाऱ्या आणि घडवणाऱ्या या गावाला ती सोय घरबसल्या आहे. फक्त तो माणूस स्पर्धकांपैकी कोणाच्या गाडीचे काम करणारा नसावा आणि त्याचे नाव एसआरमध्ये आधीच छापलेले असावे.

हंगाम संपल्यावर नियम बदलायचे असतील, तर अमेरिकेतली रीत घेण्यासारखी आहे : सदस्य पत्राने सूचना पाठवतात, सोलोची समिती प्रस्ताव प्रसिद्ध करते, त्यावर मते मागवली जातात आणि मगच संचालक मंडळाच्या मंजुरीने तो पुढच्या वर्षी लागू होतो. हंगामाच्या मध्यात बदल करायचा तो केवळ सुरक्षेसाठी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्याचे महिने मैदाने बंदच असतात, सूचना जूनपर्यंत, मसुदा ऑगस्टमध्ये आणि अंतिम तक्ता दिवाळीपूर्वी असे वेळापत्रक बसते, म्हणजे गाडी नव्या नियमात बसवायला चालकाला हिवाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे मिळतात.